ॲडमिरलबाईंचा अविचार

मे महिन्यात आईने सहज विचारलं, "मामाकडे शिडाची होडी अजून आहे म्हणे. पुढच्या वेळी गेलो की खाडीत एक फेरी मारू या का गं?" मी लॅपटॉपमधून मान वर न काढता म्हणाले, "आता या वयात कशाला?"

आई ६३ वर्षांची आहे. तिचं बालपण मालवणजवळ, कर्लीच्या खाडीकाठी गेलं. पुढे लग्न, पुणे, शाळेतली नोकरी, गुडघेदुखी. होडीचा विषय आमच्या घरात कधी निघालाच नव्हता. तो निघाला आणि मी चार शब्दांत मिटवून टाकला. आई काही बोलली नाही, कुकर लावायला उठली.

त्याच आठवड्यात मी आर्थर रॅन्समचं 'कूट क्लब' वाचत होते. १९३४ साली आलेली ही इंग्रजी मुलांची कादंबरी. लहानपणी अशी पुस्तकं माझ्या वाटेला आली नाहीत, म्हणून हिंजवडीच्या बसमध्ये फोनवर एकेक वाचून काढते आहे. कथा इंग्लंडच्या पूर्वेकडच्या नॉरफोक ब्रॉड्समधली. ब्रॉड्स म्हणजे नद्या आणि त्यांना जोडलेली उथळ तळी. ही तळी नैसर्गिक वाटतात, पण मध्ययुगात लोकांनी जळणासाठी पीट खणून काढलं आणि त्या खड्ड्यांत पुढे पाणी शिरलं, हे १९५०च्या दशकातल्या संशोधनातून सिद्ध झालं. समुद्र जवळ असल्यामुळे या नद्यांना भरती-ओहोटी असते. आमच्या खाडीसारखीच.

गोष्ट वरवर पाहता मुलांची आहे. डॉक्टरांचा मुलगा टॉम पाणकोंबडीसारख्या कूट पक्ष्याचं घरटं वाचवण्यासाठी एका उद्धट टोळक्याची मोटरबोट दोर सोडून प्रवाहात ढकलून देतो आणि मग त्यांच्यापासून लपत फिरतो. या पुस्तकाबद्दल बोलताना लोक बहुतेक वेळा पक्षी, पाठलाग आणि निसर्गप्रेमाबद्दल बोलतात. माझं लक्ष मात्र मिसेस बॅरेबल या म्हाताऱ्या बाईंवर खिळून राहिलं. माझ्या मते 'कूट क्लब' ही त्यांचीच कादंबरी आहे आणि रॅन्समने ती मुलांच्या कादंबरीत लपवून ठेवली आहे.

बॅरेबलबाई चित्रकार आहेत. त्यांचं बालपण याच नद्यांवर, बेकल्स गावी गेलं. आता त्यांनी 'टीझल' नावाची छोटी शिडाची बोट भाड्याने घेतली आहे आणि विल्यम नावाच्या पग कुत्र्यासोबत त्या तिच्यावर राहतात. मात्र बोट काठाला बांधलेली आहे. ती चालवायला सोबतीला जो भाऊ येणार होता, तो आलेला नाही. डिक आणि डॉरथिया ही भावंडं सुट्टीत शीड हाकायला शिकायचं म्हणून मोठ्या आशेने येतात आणि बोट हलणारच नाही हे कळल्यावर हिरमुसतात.

इथे रॅन्समपुढे दोन सोप्या वाटा होत्या. एक, बाईंना काठावर बसवून त्यांच्याकडून आठवणी सांगून घ्यायच्या. दुसरी, आजकाल व्हिडिओंमध्ये दिसते तशी 'वय हा फक्त आकडा' छाप आजी रंगवायची. तो दोन्ही वाटा टाळतो. बाई हिशेब करतात. टॉमला लपायला जागा हवी, भावंडांना शिकायचं आहे आणि स्वतःला बेकल्स पुन्हा बघायचं आहे. मग त्या टॉम आणि त्याच्या जुळ्या मैत्रिणींना खलाशी म्हणून बोलावतात आणि स्वतः 'ॲडमिरल' होतात.

नदीवरच्या शिडाच्या बोटीत कुठे कष्ट असतात आणि कुठे जाण, हे रॅन्समला नेमकं ठाऊक होतं. पूल आला की डोलकाठी आडवी करावी लागते. वारा पडला की लांब काठी नदीच्या तळाला टेकवून बोट ढकलावी लागते. अरुंद पात्रात वारा समोरून असेल तर दर मिनिटाला शीड या अंगावरून त्या अंगावर घ्यावं लागतं. ही सगळी कामं तरुण गुडघ्यांची. पण ग्रेट यारमथ ओलांडायचं असेल, तर ओहोटीबरोबर उतरून पाणी स्थिरावतं त्या वेळेला तिथे पोचायचं आणि पुढे भरतीवर ब्रेडनच्या पाण्यात शिरायचं, असं गणित असतं. या गणिताला ताकद लागत नाही, कधी निघायचं आणि कधी थांबायचं ते कळावं लागतं. टॉमलाही ते येतं, हे महत्त्वाचं. म्हणजे बाई काही अनुभवाचं भांडार म्हणून बोटीवर नाहीत. त्यांना जायचं आहे, एवढंच कारण पुरेसं आहे.

माझ्यासाठी पुस्तकाचा कणा शेवटाकडच्या एका प्रकरणात आहे. त्याचं शीर्षकच ॲडमिरलच्या अविचाराबद्दल आहे. टॉम त्याच्या 'टिटमाउस' या छोट्या होडीतून गेलेला असताना बाई डिक आणि डॉरथियाला घेऊन 'टीझल' ब्रेडनवर काढतात. धुकं उतरतं, बोट चिखलात रुतते. खलाशी म्हणावीत अशी मुलं बोटीवर नाहीत आणि पाणी ओसरत चाललेलं. शेवटी चिखलावरून दोरी पलीकडच्या होडीपर्यंत पोचवतो तो विल्यम पग.

मुलांच्या पुस्तकात चुका मुलं करतात आणि मोठी माणसं त्या निस्तरतात. इथे चूक वयाने सगळ्यांत मोठ्या माणसाची आहे. रॅन्सम तिला चूकच म्हणतो, पण त्याबद्दल बाईंना शिक्षा देत नाही. "सांगितलं होतं ना, तुम्हाला झेपायचं नाही" असं कोणी त्यांना ऐकवत नाही. टॉम चुकला तर तो त्यातून शिकतो आणि बाई चुकल्या तर ते म्हातारपणाचं लक्षण, असा भेद पुस्तक करत नाही. हे वाचताना बसमध्ये मला आईचा कुकर आठवला. मी तिला धोक्यापासून वाचवत होते की चूक करण्याच्या हक्कापासून?

पुस्तकात खोटही आहे. मोटरबोटवाल्यांना रॅन्सम ग्रामोफोन वाजवणाऱ्या टोळक्यापलीकडे चेहरा देत नाही. शिडाची माणसं सभ्य आणि इंजिनाची असभ्य, ही वाटणी मला पटत नाही. आमच्या खाडीत इंजिन पोट भरण्यासाठी आलं. बाईंकडे बोट भाड्याने घेण्याइतके पैसे आणि हवा तेवढा वेळ आहे, याबद्दलही पुस्तक अवाक्षर काढत नाही. बोट बांधणाऱ्यांच्या घरची तीन पोरं शेवटी मोठं काम करून जातात, पण ॲडमिरलच्या बोटीवर त्यांना जागा नाही.

तरीही बॅरेबलबाई खऱ्या वाटतात. त्याचं कारण बहुधा रॅन्समच्या स्वतःच्या आयुष्यात आहे. हे पुस्तक आलं तेव्हा तो ५० वर्षांचा होता आणि पोटाच्या अल्सरने बेजार असायचा. बोटी त्याने सोडल्या नाहीत, बदलल्या. १९४६ मध्ये, साठी उलटल्यावर, त्याने 'पीटर डक' नावाची बोट बांधून घेतली ती म्हातारपणी पाण्यावर वापरायची चाकाची खुर्ची म्हणून. उपमा त्याचीच. शरीर पूर्वीसारखं नाही हे त्याने कबूल केलं आणि त्या शरीराला झेपेल अशी बोट मागितली. आम्ही इंजिनीअर लोक ऑफिसात हेच करतो. अट बदलली की डिझाइन बदलतो. घरी मात्र मी अट बघून प्रकल्पच रद्द केला होता.

आता दिवाळीनंतर जायचं ठरलं आहे. पाऊस संपलेला असेल. लाइफ जॅकेट दोघींनाही घालावं लागेल, ही माझी अट. सुकाणू आपल्या हातात हवं, ही आईची. मामाला विचारलं तर तो फोनवर हसला आणि म्हणाला, "तुझ्या आईने लहानपणी एकदा होडी रेतीत चढवली होती, सांगितलं नाही तुला?"

तिने सांगितलं नव्हतं. मी विचारलंही नव्हतं.