ट्रॅकरवरचे आकाश : यंत्र सुधारले, पाया कच्चाच

पृथ्वी स्वतःभोवतीची फेरी २३ तास ५६ मिनिटे ४ सेकंदांत पूर्ण करते. या फिरण्यामुळे आकाश दर सेकंदाला सुमारे १५ विकला पश्चिमेकडे सरकते. विकला म्हणजे अंशाचा ३,६०० वा भाग. डोळ्यांना हे कळत नाही, कॅमेऱ्याला लगेच कळते. २०० मिमीची लेन्स आणि ४ मायक्रॉनचे पिक्सेल अशी जोडी घेतली, तर एका पिक्सेलच्या वाट्याला जेमतेम ४ विकला येतात, आणि खगोलीय विषुववृत्ताजवळचा तारा पाव सेकंदात एक पिक्सेल ओलांडतो. ५०० ला फोकल लेंथने भागायचे आणि तितके सेकंद एक्स्पोजर द्यायचे, हा जुना आडाखा २४ मिमीच्या लेन्सला वीसेक सेकंद देतो. आजच्या दाट पिक्सेलच्या सेन्सरवर तोही सैल पडतो. कॅमेरा पृथ्वीच्या अक्षाला समांतर अशा अक्षाभोवती, तितक्याच गतीने उलटा फिरवणारे छोटे यंत्र म्हणजे स्टार ट्रॅकर.

कल्पना नवी नाही. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस लिक वेधशाळेत एडवर्ड बर्नार्ड एका ताऱ्यावर नजर रोखून तासन्‌तास हाताने दुरुस्ती करत आकाशगंगेची छायाचित्रे घेत. १९७५ मध्ये जॉर्ज हेग यांनी 'स्काय अँड टेलिस्कोप' मासिकात बिजागरीने जोडलेल्या दोन फळ्यांचे साधन मांडले. १ मिमी आट्याचा बोल्ट बिजागरीपासून २२.९ सेंमीवर बसवून त्याला मिनिटाला एक फेरी दिली, की वरची फळी आकाशाच्या गतीने उघडते. सरळ बोल्टमुळे वेळेबरोबर चूक वाढत जाते, पण हौशी लोकांच्या कित्येक पिढ्या याच फळ्यांवर शिकल्या. आता व्हिक्सनचा पोलरी, आयऑप्ट्रॉनचा स्कायगाइडर, स्काय-वॉचरचा स्टार अ‍ॅडव्हेंचरर अशी तयार यंत्रे पाठीवरच्या सॅकमध्ये मावतात.

यंत्र हाती आले तरी चित्राचे यश ठरते ते पोलर अलाइनमेंटवर, म्हणजे ट्रॅकरचा अक्ष खगोलीय ध्रुवाशी जुळवण्यावर. ध्रुवतारा खऱ्या ध्रुवापासून सध्या सुमारे ०.६ अंश दूर आहे. त्यामुळे पोलर स्कोप या छोट्या नळीतून ध्रुवतारा मधोमध आणला की काम झाले, हा समज चित्र बिघडवतो. अर्ध्या अंशाची चूक राहिली, तर २०० मिमीच्या लेन्सवर दोन मिनिटांत तारा १६ विकलांपर्यंत, म्हणजे चार पिक्सेल, भरकटू शकतो. तीच चूक ५ कलांवर (एक कला म्हणजे ६० विकला) आणली, तर भरकटणे पिक्सेलच्या आत राहते. पोलर स्कोपमधल्या घड्याळासारख्या वर्तुळावर त्या वेळच्या जागी ध्रुवतारा बसवायला पाच मिनिटे पुरतात. ही पाच मिनिटे न देणे हा आजच्या हौशी कामातला सर्वांत मोठा दोष आहे.

महाराष्ट्रात अडचण आणखी वाढते. ध्रुवताऱ्याची उंची त्या ठिकाणच्या अक्षांशाइतकी असते : नागपुरात सुमारे २१ अंश, मुंबईत १९, कोल्हापुरात १७ च्या आत, शेजारच्या गोव्यात पणजीला साडेपंधरा. इतक्या खाली धुरके असते, एखाद्या गावाचे दिवे असतात आणि सह्याद्रीत तर पुष्कळदा उत्तरेचा डोंगरच आड येतो. अक्ष जवळजवळ आडवा झाल्याने प्रतिभाराचा दांडा ट्रायपॉडच्या पायाला अडतो, आणि नळीत डोकावायला जमिनीवर गुडघे टेकावे लागतात. युरोप-अमेरिकेतल्या मार्गदर्शकांत यातले फारसे काही नसते, कारण तिथे ध्रुवतारा चाळीस-पन्नास अंशांवर असतो. ध्रुवतारा दिसतच नसेल, तर टिपलेल्या चित्रांतले तारे ओळखून अक्षाची चूक सांगणारे शार्पकॅप किंवा नीना हे प्रोग्रॅम कामी येतात. अर्थात त्यासाठी लॅपटॉप डोंगरावर न्यावा लागतो.

याच अक्षांशाची दुसरी बाजू मात्र भाग्याची आहे. आकाशगंगेचा गाभा मुंबईत क्षितिजापासून ४२ अंश वर येतो, लंडनमध्ये जेमतेम १०. नरतुरंगातला ओमेगा सेंटॉरी हा तारकागुच्छ आणि त्रिशंकू इथून सहज टिपता येतात. इथल्या छायाचित्रकारांनी या दक्षिण आकाशाकडे जितके लक्ष द्यायला हवे तितके दिलेले नाही. मृगातला तेजोमेघ आणि देवयानी यांचीच आवर्तने होत राहतात. गाभा मध्यरात्री सर्वांत उंच येतो तो नेमका जून-जुलैत, पावसाळ्यात. म्हणून फेब्रुवारी ते मे या काळातल्या पहाटेच हाती राहतात. त्यातही एप्रिल-मेच्या उकाड्यात सेन्सरचा गोंगाट वाढतो : तापमान सुमारे ६ अंशांनी चढले की सेन्सरमधला उष्णताजन्य प्रवाह दुप्पट होतो. त्यावर उपाय म्हणून झाकण लावून, तितक्याच तापमानाला आणि तितक्याच वेळाच्या डार्क फ्रेम घेतात. कोकणात लेन्सवर दव धरते आणि गरम पट्टा गुंडाळल्याशिवाय रात्र निभत नाही.

यंत्राच्या मर्यादाही असतात. स्टार अ‍ॅडव्हेंचररच्या चक्राला १४४ दाते आहेत, म्हणजे ते चक्र फिरवणाऱ्या आटेदार दांड्याची, वर्मची, एक फेरी सुमारे दहा मिनिटांची. त्या फेरीत गती किंचित पुढे-मागे होते आणि लांब लेन्सवर तारे अंडाकार उमटतात. दुसऱ्या छोट्या कॅमेऱ्याने तारा पाहत दुरुस्त्या पाठवणारे ऑटोगाइडिंग हा त्यावरचा इलाज. पण कातळपठारावरच्या वाऱ्यात हलका ट्रायपॉड थरथरत असेल, किंवा वजनाने बॉल हेड घसरत असेल, तर गाइडिंगही काही करू शकत नाही. पैसे आधी ट्रायपॉडवर खर्च करावेत, हा सल्ला कितीही रुक्ष असला तरी तोच खरा.

प्रकाशप्रदूषणाची कथा ठाऊक आहे. सोडियमच्या दिव्यांचा पिवळा पट्टा फिल्टरने गाळता येई. एलईडीचा प्रकाश सर्व रंगांत पसरलेला असल्याने तो तसा गाळता येत नाही. २०२४ मध्ये महाराष्ट्रातल्या पेंच व्याघ्र प्रकल्पाला भारतातले पहिले डार्क स्काय पार्क म्हणून मान्यता मिळाली, ही राज्यासाठी मोलाची गोष्ट आहे.

टिपलेली चित्रे एकावर एक रचून सरासरी काढली, की चौपट चित्रांत गोंगाट निम्मा होतो आणि उपग्रहांच्या रेषाही वगळता येतात. इथवर सारे रास्त आहे. खटकते ते पुढचे. २०२२ च्या अखेरीस आलेला ब्लरएक्सटर्मिनेटर हा प्रोग्रॅम अंडाकार ताऱ्यांना गोल करतो, त्यामुळे कच्ची जुळणी झाकली जाते आणि शिकणे थांबते. ट्रॅकर चालू असताना जमीन पुसट होते. म्हणून आकाश आणि किल्ला वेगवेगळे टिपून जोडणे अपरिहार्य आहे. दोन्ही त्याच रात्री, त्याच जागेवरून घेतले असतील आणि तसे सांगितले असेल, तर ते प्रामाणिक काम आहे. मात्र हरिश्चंद्रगडाच्या कोकणकड्यावर, म्हणजे पश्चिमेकडे, पूर्वेला उगवणारी आकाशगंगा चिकटवली तर ती फसवणूकच होते, चित्र कितीही देखणे असो.

२०२३ मध्ये आलेल्या सीस्टार एस५० सारख्या स्वयंचलित दुर्बिणी जुळणीची बरीचशी दगदग वाचवतात. पण एस५० चे दृश्यक्षेत्र सुमारे १.३ बाय ०.७ अंश आहे; सुमारे तीन अंश लांबीची देवयानी दीर्घिका त्यात एका वेळी मावत नाही. ८५ मिमीची लेन्स फुल फ्रेम कॅमेऱ्यावर २४ अंश रुंदीचे आकाश घेते. ज्येष्ठेभोवतीचे रंगीत धुळीचे ढग किंवा धनूतले तेजोमेघ एकाच चौकटीत आणायचे, तर सॅकमध्ये मावणाऱ्या साधनांत ट्रॅकरला आज तरी पर्याय नाही.