शंख जाड झाला, पण कसा?

आज एका दोन पानी पेपरबद्दल. गीरत व्हरमाय यांनी तो १९८२ साली ‘नेचर’मध्ये प्रसिद्ध केला. उत्क्रांती शिकवताना हे उदाहरण अनेकदा येतं, आणि माझ्या मते जरा जास्तच सोपं करून येतं.

नायिका आहे न्युसेला लॅपिलस, साधारण तीन सेंटिमीटरची शिकारी समुद्री गोगलगाय. पोर्तुगालपासून नॉर्वे-आइसलंडपर्यंत आणि पलीकडे अमेरिका-कॅनडाच्या ईशान्य किनाऱ्यावर, भरती-ओहोटीच्या खडकांवर ती राहते. बार्नॅकल आणि शिंपले खाते. शिंपल्याला भोक पाडायचं म्हणजे एक-दोन दिवस सहज जातात!

तिच्या शंखाच्या रंगावर जाऊ नका, तो पांढरा, तपकिरी, पट्टेरी कसाही असतो. बघायचं ते तोंड. लाटा आदळतात तिथे शंख बुटका आणि तोंड रुंद, कारण मोठ्या पायाने खडक धरून ठेवायचा असतो. आडोशाच्या पाण्यात खेकड्यांची भीती जास्त. तिथे शंख जाड आणि तोंड अरुंद.

आता पेपर. युरोपातला हिरवा खेकडा १८१७ पर्यंत अमेरिकेत पोचला होता, पण केप कॉडच्या उत्तरेला सरकायला त्याला विसावं शतक उजाडलं. व्हरमाय यांनी तिथले खेकड्याच्या आधीचे आणि नंतरचे शंख ताडून पाहिले. नंतरचे जाड निघाले. (व्हरमाय लहानपणापासून अंध आहेत, शंख ते बोटांनी वाचतात. ओठाची जाडी त्यांच्या हातून सुटणं कठीणच.)

प्राण्याची निवड मला फार आवडते. या गोगलगाईची पिल्लं पाण्यावर तरंगत जात नाहीत. खडकाला चिकटवलेल्या अंड्यांच्या कुप्यांतून थेट रांगत बाहेर येतात. त्यामुळे जाड शंखवाल्या दुसरीकडून वाहत आल्या, असं म्हणायला जागाच उरत नाही.

पण बदल जनुकांत झाला का? मेलेल्या शंखाला हे विचारता येत नाही. १९९० मध्ये रिचर्ड पामर यांनी याच जातीला खेकड्याचा आणि चिरडलेल्या भाईबंदांचा वास असलेल्या पाण्यात ठेवलं. त्यांचं खाणं कमी झालं आणि शंखाची ठेवणही बदलली, एकाच आयुष्यात, एकही पिढी न उलटता. म्हणजे संग्रहालयातला फरक नुसत्या वासानेही पडू शकला असता, निदान काही प्रमाणात. व्हरमाय यांनी शीर्षकात ‘दृश्यरूपाची उत्क्रांती’ म्हटलंय. त्यातला ‘दृश्यरूप’ हा शब्द प्रामाणिक आहे, पण वर्गात पोचेपर्यंत नेमका तोच गळून पडतो आणि ‘उत्क्रांती’ तेवढी उरते.

हा शब्दांचा कीस नाही बरं का. १९८८ मध्ये न्यू जर्सीत आशियाई किनारी खेकडा सापडला आणि तोही उत्तरेकडे पसरला. बदल वासाने होत असेल, तर त्या वासाची ओळख पटायला हवी. निवडीने होत असेल, तर पिढ्या जाव्या लागतील. कोणतं खरं, हे ठरवायला दोन्हीकडची पिल्लं खेकड्याविना, एकाच टाकीत वाढवायला हवीत.