सहभाग, वेळ आणि विद्यार्थी : अ‍ॅस्टिन यांच्या सिद्धांताची आपल्या महाविद्यालयांच्या संदर्भातील चिकित्सा

प्रास्ताविक

महाविद्यालयाचे यश केवळ निकालाच्या टक्केवारीवर मोजू नये, विद्यार्थ्याच्या सर्वांगीण विकासाचाही त्यात विचार व्हावा, हे तत्त्व आज सर्वमान्य झाले आहे. राष्ट्रीय मूल्यांकन व प्रत्यायन परिषदेच्या, म्हणजेच नॅकच्या, सात निकषांपैकी पाचवा निकष ‘विद्यार्थी साहाय्य व प्रगती’ हा होता. महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियम, २०१६ मध्ये विद्यार्थी विकास मंडळाची तरतूद झाली आणि पूर्वी ‘विद्यार्थी कल्याण’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या कामाला ‘विकास’ हे नाव मिळाले. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण, २०२० नुसार राज्यात लागू झालेल्या नव्या अभ्यासक्रम रचनेत सहअभ्यासक्रमीय उपक्रमांना श्रेयांकही देण्यात आले. तथापि या सर्व तरतुदींच्या मुळाशी असलेली ‘विद्यार्थी सहभाग’ ही संकल्पना नेमकी काय आहे, ती कोठून आली आणि आपल्या परिस्थितीत ती कितपत लागू पडते, याची चिकित्सा फारशी होताना दिसत नाही. या संकल्पनेचे प्रमुख भाष्यकार अलेक्झांडर अ‍ॅस्टिन (१९३२-२०२२) यांच्या सिद्धांताचे परीक्षण करणे आणि त्याच्या आधारे आपल्या करिअर मार्गदर्शनाच्या प्रचलित पद्धतीकडे पाहणे, हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

सिद्धांताचे स्वरूप

अमेरिकेत लॉस एंजेलिस येथील कॅलिफोर्निया विद्यापीठात अध्यापन करणाऱ्या अ‍ॅस्टिन यांनी १९८४ मध्ये एका दीर्घ निबंधातून हा सिद्धांत मांडला. तत्पूर्वी १९७५ मध्ये विद्यार्थी शिक्षण अर्धवट का सोडतात याचा आणि १९७७ मध्ये महाविद्यालयाच्या चार वर्षांत विद्यार्थ्यांत कोणते बदल होतात याचा त्यांनी विस्तृत अभ्यास ग्रंथरूपाने प्रसिद्ध केला होता. १९८४ चा निबंध म्हणजे त्या अभ्यासांतून निघालेले सार होय.

सिद्धांत सांगावयास सोपा आहे. विद्यार्थी आपली जेवढी शारीरिक व मानसिक शक्ती शैक्षणिक अनुभवात घालतो, तेवढ्या प्रमाणात त्याचे शिक्षण व विकास होतो. ही शक्ती संख्येनेही मोजता येते आणि गुणानेही पाहावी लागते. विद्यार्थी किती तास अभ्यास करतो हे झाले संख्येचे अंग. तो पुस्तकात रमतो की पान उघडे ठेवून दिवास्वप्ने पाहतो, हे झाले गुणाचे अंग. शैक्षणिक धोरण किंवा उपक्रम चांगला की वाईट, हे तो विद्यार्थ्याला किती गुंतवू शकतो यावरून ठरते.

अ‍ॅस्टिन यांचे खरे योगदान याच्याही पुढचे आहे. शिक्षणव्यवस्थेत तीन विचार न बोलता वावरत असतात, असे त्यांनी दाखवून दिले. चांगला विषय चांगल्या रीतीने शिकवला की काम झाले, हा पहिला विचार. इमारत, ग्रंथालय, प्रयोगशाळा आणि पात्र प्राध्यापक उपलब्ध केले की शिक्षण आपोआप होते, हा दुसरा. प्रत्येक विद्यार्थ्याच्या गरजेप्रमाणे वेगळी सोय केली की पुरे, हा तिसरा. या तिन्हींत विद्यार्थी प्रत्यक्षात काय करतो हा प्रश्न सुटून जातो. म्हणून संस्थेची सर्वांत मौल्यवान साधनसंपत्ती कोणती असेल, तर ती विद्यार्थ्याचा वेळ होय, असे त्यांनी प्रतिपादन केले.

सहभाग आणि गुंतणे

येथे भाषेचा एक मुद्दा विचारात घ्यावा लागतो. आपण या संकल्पनेसाठी ‘सहभाग’ हा शब्द रूढ केला आहे. सहभाग म्हणजे भाग घेणे. तो उपस्थितीपत्रकावरील स्वाक्षरीने सिद्ध होतो आणि त्याचे प्रमाणपत्रही मिळते. अ‍ॅस्टिन यांना अभिप्रेत असलेला अर्थ मात्र ‘गुंतणे’ या आपल्या क्रियापदाच्या अधिक जवळचा आहे. एखादा विद्यार्थी कामात गुंतला आहे असे आपण म्हणतो, तेव्हा त्याचा वेळ आणि मन दोन्ही तेथे आहेत, असे आपणास सांगावयाचे असते.

हा भेद केवळ शाब्दिक नाही. नॅकच्या २०१७ मध्ये अमलात आलेल्या सुधारित आराखड्यात, स्पर्धा परीक्षा व करिअर मार्गदर्शनाचा लाभ घेतलेल्या विद्यार्थ्यांचे प्रमाण हा एक संख्यात्मक निर्देशक होता. महाविद्यालयाने दोन तासांचे व्याख्यान ठेवावे, सभागृहात बसलेल्या सर्वांच्या स्वाक्षऱ्या घ्याव्यात, छायाचित्रांसह अहवाल तयार करावा, आणि ते सर्वजण ‘लाभार्थी’ ठरावेत, ही पद्धत यातूनच रुळली. माहितीची पडताळणी होत असे, परंतु ती कागदपत्रांची. त्या दोन तासांनी विद्यार्थ्याच्या पुढील दोन महिन्यांच्या दिनक्रमात काही फरक पडला का, हे विचारण्यास त्यात जागा नव्हती. आराखडे बदलतात, मोजण्याची सवय मात्र मागे राहते, ही चिंतेची बाब आहे.

सिद्धांताच्या मर्यादा

अ‍ॅस्टिन यांच्या निष्कर्षांत दोन गोष्टी ठळक आहेत. वसतिगृहात राहणारा विद्यार्थी शिक्षण पूर्ण करण्याची शक्यता अधिक असते. तसेच महाविद्यालयाच्या आवारातील अर्धवेळ काम विद्यार्थ्याला शिक्षणात टिकवून ठेवते, तर आवाराबाहेरील पूर्णवेळ नोकरी त्याला शिक्षणापासून दूर नेते. विद्यार्थ्याचा वेळ मर्यादित असल्यामुळे कुटुंब, मित्र व नोकरी हे त्या वेळावर हक्क सांगणारे संस्थेचे स्पर्धकच ठरतात, अशी त्यांची मांडणी आहे.

या मांडणीवर पुढील काळात जे आक्षेप घेतले गेले ते आपल्या दृष्टीने महत्त्वाचे आहेत. एक तर अ‍ॅस्टिन यांचे मोठे नमुने प्रामुख्याने प्रथमच प्रवेश घेणाऱ्या पूर्णवेळ विद्यार्थ्यांचे होते. दुसरे असे की, घर व समाज यांना स्पर्धक मानले, तर यशस्वी होण्यासाठी विद्यार्थ्याने त्यांच्यापासून दूर जावे असा त्याचा अर्थ निघतो. व्हिन्सेंट टिंटो यांच्या याच धर्तीच्या सिद्धांतावर विल्यम टिअर्नी यांनी १९९२ मध्ये मूलनिवासी अमेरिकन विद्यार्थ्यांच्या संदर्भात हाच आक्षेप घेतला. तिसरा आक्षेप लॉरा रेंडॉन यांचा. घराण्यात प्रथमच महाविद्यालयात आलेला विद्यार्थी आपण होऊन उपक्रमांत शिरत नाही. कोणीतरी त्याची आश्वासक दखल घ्यावी लागते, त्यानंतर तो गुंतू लागतो, असे त्यांनी १९९४ मध्ये मांडले. संधी उपलब्ध आहे, ज्याला हवी त्याने घ्यावी, ही भूमिका अशा विद्यार्थ्याच्या बाबतीत अपुरी पडते.

आपल्या ग्रामीण व निमशहरी महाविद्यालयांत प्रथम पिढीचे विद्यार्थी मोठ्या संख्येने आहेत आणि त्यांतील अनेकजण रोज एस.टी.ने ये-जा करतात. त्यांच्या वेळेचा हिशेब मांडून पाहणे उद्बोधक ठरेल. जाण्यास एक तास व येण्यास एक तास धरला आणि अध्यापनाचे १८० दिवस धरले, तर वर्षाचे ३६० तास प्रवासात जातात. राष्ट्रीय सेवा योजनेत स्वयंसेवकाकडून नियमित कार्यक्रमांसाठी वर्षाला १२० तासांची अपेक्षा असते. म्हणजे सेवा योजनेच्या तिप्पट वेळ हा विद्यार्थी केवळ महाविद्यालयात पोहोचण्यासाठी व घरी परतण्यासाठी देतो. त्यात गाडीची वाट पाहण्याचा वेळ धरलेला नाही. पेरणी-काढणीच्या दिवसांतील शेतीकाम धरलेले नाही. विद्यार्थिनींच्या वाट्याला येणारे घरकाम तर कोणत्याच हिशेबात नसते.

दुपारी दोनची गाडी पकडण्यासाठी तीनचा कार्यक्रम सोडून जाणाऱ्या विद्यार्थ्याला आपण ‘उदासीन’ म्हणतो. वास्तविक शिक्षणासाठी त्याने घातलेली शक्ती शहरातील विद्यार्थ्यापेक्षा कमी नसते. ती आपल्या नोंदवहीच्या रकान्यांत बसत नाही, इतकेच. त्याला उदासीन ठरवणे हा त्याच्यावरील अन्याय आहे, आणि त्या शेऱ्यामुळे वेळापत्रक बदलण्याची आपली जबाबदारी आपण टाळतो, हा त्याहून मोठा दोष आहे.

आपल्या परंपरेतील उत्तर

आवारातील कामामुळे विद्यार्थी शिक्षणात टिकतो, हा निष्कर्ष वाचताना मराठी वाचकाला कर्मवीर भाऊराव पाटील (१८८७-१९५९) यांचे स्मरण होणे स्वाभाविक आहे. १९१९ मध्ये रयत शिक्षण संस्थेची स्थापना करणाऱ्या कर्मवीरांनी वसतिगृह आणि श्रम ही शिक्षणाची दोन चाके मानली. १९४७ मध्ये साताऱ्यात सुरू झालेल्या छत्रपती शिवाजी कॉलेजात ‘कमवा आणि शिका’ हे तत्त्व उच्च शिक्षणात आले. अ‍ॅस्टिन यांनी जे आकडेवारीतून शोधले, ते येथे गरजेतून आणि सामाजिक जाणिवेतून आधीच उभे राहिले होते. दोहोंत एक मूलभूत फरकही आहे. कर्मवीरांनी विद्यार्थ्याच्या घराला व जातिसमाजाला स्पर्धक मानले नाही. शेतकऱ्याच्या मुलाचे श्रम त्यांनी शिक्षणाच्या आवारात आणले आणि त्याला प्रतिष्ठा दिली. विविध जातींच्या मुलांनी एकत्र राहावे, एकत्र जेवावे, यातून समवयस्कांचा सहवास हेच शिक्षण झाले. समवयस्कांचा गट हा विद्यार्थ्यावर प्रभाव टाकणारा सर्वांत बलवान घटक होय, असे अ‍ॅस्टिन यांनी १९९३ च्या आपल्या ग्रंथात नमूद केले, हे येथे लक्षात घेण्याजोगे आहे.

आज ही योजना विद्यापीठांत चालू आहे, परंतु बहुतेक ठिकाणी तिच्याकडे आर्थिक साहाय्य म्हणूनच पाहिले जाते. बागकाम, साफसफाई आणि कार्यालयातील फायली हलवणे एवढ्यावर ती थांबत असेल, तर श्रम होतात, शिकणे मात्र होत नाही. ग्रंथालयातील नोंदणी, प्रयोगशाळेची तयारी, भांडाराचे हिशेब, माती व पाणी परीक्षण, संगणकावरील माहिती संकलन ही कामे विद्यार्थ्याला वेतनही देतील आणि कामाच्या जगाची ओळखही करून देतील.

करिअर मार्गदर्शनाचा प्रश्न

करिअर मार्गदर्शनाच्या शास्त्राचा आरंभ फ्रँक पार्सन्स यांच्यापासून मानला जातो. त्यांनी १९०८ मध्ये बोस्टन येथे व्यवसाय मार्गदर्शनाचे केंद्र सुरू केले. त्यांचा ग्रंथ त्यांच्या मृत्यूनंतर १९०९ मध्ये प्रसिद्ध झाला. स्वतःची ओळख, कामाच्या क्षेत्राची माहिती आणि या दोहोंचा विवेकाने घातलेला मेळ, ही त्यांची त्रिसूत्री आजही ग्राह्य धरली जाते. या कसोटीवर आपले मार्गदर्शन तपासले असता असे दिसते की, आपण बहुधा दुसऱ्या सूत्राचा एक लहान भाग तेवढा सांभाळतो. स्पर्धा परीक्षेत यशस्वी झालेल्या अधिकाऱ्याचे व्याख्यान म्हणजे करिअर मार्गदर्शन, असे समीकरण झाले आहे. अशा व्याख्यानातून प्रेरणा मिळते हे नाकारता येत नाही. परंतु जागा मोजक्या आणि उमेदवार लाखोंच्या संख्येने, अशा परीक्षेचा एकच मार्ग दाखवणे आणि तो न साधल्यास पुढे काय, याविषयी मौन पाळणे, हे मार्गदर्शन म्हणता येणार नाही. पुण्यातील अभ्यासिकांत वयाची तिशी गाठणाऱ्या पदवीधरांपैकी कित्येकांना तीन वर्षांच्या पदवीकाळात ‘तुला काय जमते, काय आवडते, घरची परिस्थिती किती वर्षे थांबू देईल’ हे एकट्याला बसवून कोणी विचारले होते का, असा प्रश्न शिक्षक म्हणून आपणास पडावयास हवा.

करिअर मार्गदर्शन हा विद्यार्थी विकासाचाच भाग आहे. प्रथम वर्षात स्वतःची ओळख, द्वितीय वर्षात प्रत्यक्ष कामाचा अनुभव आणि तृतीय वर्षात निर्णय, असा त्याचा क्रम असावा. तृतीय वर्षाच्या अखेरीस घेतलेली कार्यशाळा ही जत्रा उठल्यावर मांडलेल्या दुकानासारखी असते.

काही सूचना

वरील विवेचनावरून तीन व्यवहार्य सूचना करता येतील. पहिली, सहभागाचे उपक्रम विद्यार्थी आवारात असतो त्याच वेळेत, म्हणजे तासिकांच्या वेळापत्रकात बसवावेत. आठवड्यातील एक तासिका त्यासाठी राखणे अशक्य नाही. दुसरी, प्रवेशाच्या पहिल्या महिन्यात प्रत्येक विद्यार्थ्याच्या वेळेची साधी नोंद घ्यावी : प्रवास किती, घरचे काम किती, नोकरी आहे का, गाडी केव्हा सुटते. पालक-शिक्षक योजनेचा आरंभ या नोंदीपासून व्हावा. तिसरी, उपक्रमांच्या अहवालात उपस्थितांच्या संख्येबरोबरच, त्या उपक्रमानंतर विद्यार्थ्यांनी काय केले याची तीन महिन्यांनंतरची नोंद जोडावी.

या सूचनांना एक गंभीर अडचण आहे. अनेक महाविद्यालयांत मंजूर पदे रिक्त आहेत आणि अध्यापनाचा मोठा भार तासिका तत्त्वावरील सहकारी वाहतात. दोन-दोन महाविद्यालयांत धावपळ करणाऱ्या, तासिकेपुरतेच मानधन मिळणाऱ्या प्राध्यापकाने विद्यार्थ्यासाठी तासिकेबाहेर थांबावे, अशी अपेक्षा कोणत्या अधिकाराने करावयाची? अ‍ॅस्टिन यांचा सिद्धांत विद्यार्थ्याच्या वेळेविषयी बोलतो. आपल्या परिस्थितीत तो शिक्षकाच्या वेळेलाही लावून पाहिला पाहिजे. ज्याला स्वतःला संस्थेत गुंतण्याची मुभा नाही, तो इतरांना गुंतवू शकत नाही.

समारोप

अ‍ॅस्टिन यांचा सिद्धांत जसाच्या तसा स्वीकारता येत नाही, कारण त्यात गृहीत धरलेला विद्यार्थी आपला नाही. तो टाकूनही देता येत नाही, कारण विद्यार्थ्याचा वेळ ही संस्थेची सर्वांत मोठी संपत्ती आहे, ही त्यातील दृष्टी आपल्यालाच अधिक उपयोगी आहे. ज्याच्याजवळ पैसा कमी आणि वेळही कमी, अशा विद्यार्थ्याने आवारात घालवलेला प्रत्येक तास मोलाचा असतो. त्या तासात आपण त्याला काय देतो, यावरूनच आपल्या विद्यार्थी विकासाच्या दाव्यांची परीक्षा व्हावी.