जात, वंश आणि आपला पाठ

विद्यापीठात समाजशास्त्र शिकताना जातिसंस्थेच्या प्रकरणात डॉ. गो. स. घुर्ये व डॉ. बाबासाहेब आंबेडकर ही दोन नावे भेटतात. वैजापूर परिसरातील आपल्या धर्मग्रामांची मुलेमुलीही ती वाचतात. परंतु पुष्कळदा परीक्षेतील टीपांपुरती. म्हणून या दोन लेखनांकडे पुन्हा पाहावे, असे आम्हांस वाटले.

घुर्ये यांचा ‘कास्ट अँड रेस इन इंडिया’ हा ग्रंथ १९३२ साली प्रसिद्ध झाला. नाकाच्या मापावरून जातींची उतरंड ठरविणाऱ्या रिस्ले यांच्या सिद्धान्ताची त्यांनी कसून तपासणी केली आणि बहुतेक प्रांतांत तो टिकत नाही, हे दाखविले. जातीची सहा लक्षणेही त्यांनी नेमकी मांडली. ही त्या ग्रंथाची थोरवी होय. मात्र लक्षणांच्या यादीत सत्ता हे एक कलम होऊन बसते. उतरंडीचा लाभ कोणाला, हा प्रश्न मागे पडतो, असे आमचे मत आहे.

आंबेडकरांनी १९१६ साली, वयाच्या पंचविसाव्या वर्षी, कोलंबिया विद्यापीठात वाचलेला निबंध आकाराने लहान, पण दृष्टीने धारदार आहे. जातीचे मूळ ते वंशात शोधत नाहीत. जातीबाहेर विवाह न करणे हेच तिचे मर्म मानतात, आणि त्याची किंमत स्त्रीने कशी मोजली, हे सती, सक्तीचे वैधव्य व बालविवाह यांच्या आधारे दाखवितात. वरच्यांच्या अनुकरणाने जात पसरली, हे त्यांचे विवेचन मात्र सक्तीचा वाटा कमी लेखते. पुढे १९३६च्या ‘जातिनिर्मूलन’ ग्रंथात त्यांनी धर्माज्ञेचा आधारच तपासला.

हा पाठ केवळ हिंदू समाजाचा, असे समजून आपण पाने उलटू नयेत. घोगरगावसारख्या गावांत ज्या घरांनी ख्रिस्ती श्रद्धा स्वीकारली, त्यांतील बहुसंख्य गावकुसाबाहेरची होती. १९५०च्या राष्ट्रपतींच्या आदेशानुसार अनुसूचित जातींच्या सवलती प्रथम हिंदूंपुरत्या राहिल्या. १९५६ साली शीख व १९९० साली बौद्ध बांधवांना त्या मिळाल्या, ख्रिस्ती मात्र वगळलेलेच राहिले. हा अन्याय आपण मांडतो, ते योग्यच.

पण आंबेडकरांची कसोटी आपल्या घरालाही लागते. एकाच वेदीवरून ख्रिस्तशरीर घेणारे आपण सोयरीक जमविताना पूर्वीची जात विचारतो काय? उत्तर होय असेल, तर तो निबंध आपल्याविषयीही आहे. आपल्या मुलांनी तो गुणांसाठी जरूर वाचावा. आपण तो घरात मोठ्याने वाचावा.