बीडचा सहज प्रेक्षक, सुपरहिरो आणि मराठी नाट्यपट

मराठीत चित्रपटाचे मूल्यमापन बहुधा दोन ठिकाणी होत आले आहे : एक महोत्सवांच्या व पुरस्कारांच्या वर्तुळात आणि दुसरे तिकीटबारीवर. या दोहोंच्या बाहेर राहिलेला तिसरा परीक्षक म्हणजे सहज प्रेक्षक. तो चित्रपटकलेचा अभ्यासक नसतो, कोणा नटाचा कट्टर चाहताही नसतो, हाती येईल ते पाहतो आणि पाहिल्यावर स्वतःचे ठाम मत बनवतो. बीड जिल्ह्यात या प्रेक्षकाची स्थिती आणखी निराळी आहे, कारण धारूर, वडवणी, पाटोदा, शिरूर कासार, केज अशा तालुक्यांतील असंख्य कुटुंबे दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीसाठी पश्चिम महाराष्ट्रात व कर्नाटकात जातात आणि उन्हाळा लागेपर्यंत कारखान्याच्या परिसरात, कोपीत म्हणजे झोपडीत राहतात. अशा माणसाच्या वाट्याला चित्रपट येतो तो मुख्यतः मोबाइलच्या पडद्यावर, आणि तेथे हिंदीत डब झालेला सुपरहिरोपट व मराठी नाट्यपट शेजारी शेजारीच असतात. समीक्षेने वेगवेगळ्या दालनांत ठेवलेले हे दोन प्रकार तो एकाच कसोटीवर घासतो, आणि ती कसोटी गांभीर्याने घेण्याजोगी आहे.

सुपरहिरो म्हणजे अलौकिक शक्ती लाभलेला, बहुधा वेषांतर करून दुर्बळांचे रक्षण करणारा नायक. या कल्पनेला स्थिर रूप मिळाले ते 1938 साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या सुपरमॅनच्या चित्रकथेतून. तिचे दोघे निर्माते, जेरी सीगल आणि जो शुस्टर, स्थलांतरित ज्यू कुटुंबांतील तरुण होते आणि त्यांचा नायकही परग्रहावरून आलेले पोरके मूल होता, ज्याला पुढे एका शेतकरी जोडप्याने वाढवल्याचे सांगितले गेले. गाव सुटलेल्या माणसाला ही कथा परकी वाटण्याचे कारण नाही. परंतु अलीकडच्या सुपरहिरोपटांनी हे मूळ बरेचसे गमावले आहे. ‘अव्हेंजर्स : एंडगेम’ (2019) सारख्या चित्रपटात अवघ्या विश्वातील निम्मी जीवसृष्टी पणाला लागते, आणि संकट इतके विशाल होते की त्यात एखादे विशिष्ट घर, विशिष्ट विहीर, विशिष्ट देणे कोठे दिसतच नाही. संगणकाच्या साहाय्याने निर्माण केलेली दृश्ये, ज्यांना व्हीएफएक्स म्हणतात, ती डोळे दिपवतात. मात्र चित्रपट संपल्यावर त्यातील कोणाची काळजी मनात उरत नाही, हा सहज प्रेक्षकाचा आक्षेप रास्त आहे.

तारणहाराची ओढ या भूमीला नवी नाही. रावणाशी झुंजताना पंख छाटले गेलेला जटायू बीड येथे पडला, अशी आख्यायिका तेथील जटाशंकर मंदिराशी जोडलेली आहे. हा उडणारा वीर हरतो आणि तरीही पूज्य ठरतो. पोवाड्याने व गोंधळाने हीच ओढ शतकानुशतके जोपासली, आणि आजच्या मराठी पडद्यावर ती जागा ऐतिहासिक वीरपटाने घेतली आहे. दिग्पाल लांजेकर यांचे ‘फर्जंद’ (2018), ‘फत्तेशिकस्त’ (2019), ‘पावनखिंड’ (2022) हे चित्रपट किंवा लक्ष्मण उतेकर यांचा हिंदी ‘छावा’ (2025) यांना मिळालेला प्रतिसाद पाहता, मराठी प्रेक्षकाला कल्पित सुपरहिरोची गरज का भासली नाही हे उमजते. निखिल महाजन यांनी 2015 मध्ये ‘बाजी’ हा मुखवटाधारी नायकाचा मराठी सुपरहिरोपट श्रेयस तळपदे यांना घेऊन केला, तो प्रयत्न धाडसाचा होता. पण त्याची परंपरा निर्माण झाली नाही. नायकाचा वेष ठरला, घोडा ठरला, खलनायक ठरला, मात्र ज्या गावाचे रक्षण करायचे त्या गावाचे दुखणे पुरेसे ठसले नाही, हे त्याचे उणेपण होय.

याच्या उलट उदाहरण महाराष्ट्रातच, नाशिक जिल्ह्यातील मालेगावात सापडते. यंत्रमागांच्या या शहरात शेख नासिर यांनी अत्यल्प खर्चात ‘मालेगाव के शोले’ सारखी विडंबने केली आणि पुढे ‘मालेगाव का सुपरमॅन’ हाती घेतला. त्यातील सुपरमॅन शफीक शेख हा यंत्रमागावर काम करणारा काटकुळा तरुण होता. त्याला उडवण्यासाठी हिरव्या कापडाची पार्श्वभूमी आणि घरगुती जुगाड एवढेच साधन होते, आणि त्याची लढाई परग्रहवासीयांशी नव्हती, तर गावातील घाण व तंबाखूचे व्यसन यांच्याशी होती. फैजा अहमद खान यांच्या ‘सुपरमेन ऑफ मालेगाव’ (2008) या माहितीपटाने ही निर्मितिप्रक्रिया टिपली, आणि रीमा कागती यांनी ‘सुपरबॉईज ऑफ मालेगाव’ (2025) मध्ये त्याच मित्रमंडळींचे जीवन नाट्यरूपात मांडले. हा दुसरा चित्रपट सुपरहिरोपट व नाट्यपट यांच्या सीमेवर उभा आहे. सुपरमॅनचा वेष चढवणारा माणूस स्वतः मरणाच्या दारात आहे हे प्रेक्षकाला ठाऊक असते, आणि त्यामुळे त्याचे खोटे उडणे कोट्यवधींच्या खऱ्याखुऱ्या भासणाऱ्या उड्डाणांपेक्षा खोल भिडते. अलीकडच्या काळात सुपरहिरो-कल्पनेचा इतका मानवी वापर क्वचितच झाला असेल.

बेसिल जोसेफ यांच्या ‘मिन्नल मुरली’ (2021) या मल्याळम चित्रपटाने तीच दिशा व्यावसायिक सफाईने धरली. केरळातील लहानशा गावातला शिंपी आणि त्याच गावाने वेडसर म्हणून हिणवलेला शिबू या दोघांवर एकाच रात्री वीज पडते, दोघांनाही सारखीच शक्ती मिळते, आणि त्यांपैकी एक नायक व दुसरा खलनायक का होतो याचे उत्तर गावाच्या वागण्यात दडलेले असते. शिबूचे प्रेम व अवहेलना ही शुद्ध नाट्यपटाची सामग्री आहे. तेलुगू ‘हनुमान’ (2024) याच वाटेने निघतो, पण उत्तरार्धात श्रद्धेच्या उत्साहात गाव मागे पडते.

मराठी नाट्यपटाकडे वळल्यास चित्र अधिक आशादायक आहे. एके काळी मराठवाडी वळणाची बोली पडद्यावर प्रामुख्याने हसू आणण्यासाठी येई. मकरंद अनासपुरे यांनी ती घरोघरी पोचवली हे त्यांचे श्रेय आहे, तथापि त्या बोलीत रडता, चिडता, प्रेम करता येते हे पडद्यावर ठसायला अवकाश लागला. नागराज मंजुळे यांच्या ‘फँड्री’ (2014) व ‘सैराट’ (2016) यांनी शेजारच्या करमाळा परिसराची बोली वेदनेच्या व प्रेमाच्या कथेत आणली, आणि ‘फँड्री’च्या अखेरीस त्याचा नायक जब्या याने भिरकावलेला दगड कोणत्याही अलौकिक शक्तीवाचून प्रेक्षकावर येऊन आदळला. भाऊराव कऱ्हाडे यांच्या ‘ख्वाडा’ (2015) मधील मेंढपाळ कुटुंबाची भटकंती तर ऊसतोड कुटुंबाच्या अनुभवाला सर्वांत जवळची आहे : घर पाठीवर आणि दुसऱ्याच्या जमिनीवर टेकण्यासाठी दुसऱ्याची मर्जी.

असे असूनही ऊसतोड मजुराचे जग मराठी चित्रपटाने त्याच तोडीने पाहिलेले नाही, ही खरी उणीव आहे. मुकादमाकडून घेतलेली उचल, म्हणजे हंगामाआधीच अंगावर घेतलेली मजुरीची रक्कम. नवराबायको मिळून मोजला जाणारा एक कोयता. फडावरच वाढणारी आणि शाळा सुटलेली मुले. आणि 2019 मध्ये राज्यभर गाजलेला, बीडच्या ऊसतोड स्त्रियांची गर्भाशये मोठ्या प्रमाणावर काढली गेल्याचा प्रश्न : यांतील प्रत्येक गोष्टीत पूर्ण लांबीचे नाट्य आहे. येथील नायिका पहाटेच्या थंडीत मोळी डोक्यावर घेऊन फळीवरून गाडीत चढते, तेव्हा तिच्या बळाला मुखवट्याची गरज नसते. मराठीत पुढचा सुपरहिरोपट व्हायचा असेल, तर त्याच्या लेखकाने प्रथम हे नाट्य लिहावे. शक्ती कोणती द्यायची हे त्यानंतर ठरेल.

निर्मात्यांनी व वितरकांनी आणखी एक व्यवहार ध्यानात घेतला पाहिजे. अशा चित्रपटाचे खेळ बीडच्या तालुक्यांत दिवाळीपूर्वी लावावेत, कारण टोळ्यांचे ट्रक एकदा गाव सोडून गेले की ज्यांची ती कथा आहे ते प्रेक्षक उन्हाळ्यापर्यंत जिल्ह्यात नसतात.