निळी मशीद आणि जुनी मशीद

आपल्या हातात इस्रायलचा पासपोर्ट आला आणि मुंबई आपल्याला परदेशी शहर झाली. व्हिसा घेऊन, पाहुणे म्हणून आम्ही तेथे प्रथम गेलो ते 1993 साली. आदल्या वर्षीच भारत व इस्रायल यांचे राजनैतिक संबंध जुळले होते. दुसऱ्यांदा गेलो ते अलीकडे. मधल्या काळात काळा घोडा येथील कनेसेथ एलियाहूचा जीर्णोद्धार झाला. त्याची वाखाणणी पुष्कळ ऐकली होती. काम कसे झाले आहे, हे वाचकांना सांगावे म्हणून हे चार शब्द.

1884 साली जेकब ससून व त्यांच्या बंधूंनी वडिलांच्या स्मरणार्थ हे प्रार्थनामंदिर बांधले. आभा नारायण लांबा यांच्या देखरेखीखाली 2019 साली ते नव्याने उजळून उघडले आणि त्याच वर्षी त्याला युनेस्कोचा पुरस्कार मिळाला. पुरस्कार योग्यच आहे. बाहेरचा फिरोजी रंग जाऊन आता गडद निळा व पांढरा आला आहे. रंगीत काचेच्या खिडकीतून ऊन खाली उतरते, तेव्हा माणूस आपोआप हळू बोलू लागतो. जुन्याला नवे करताना जुनेपण घालवलेले नाही, ही मोठी गोष्ट.

तरीही आम्हांला 1993 ची ती शुक्रवारची संध्याकाळ आठवत राहिली. रंगाचे पोपडे निघाले होते. नऊ जण दहाव्याची वाट पाहत बसले होते. आम्ही आत गेलो आणि मिन्यान पुरा झाला. एका वृद्ध गृहस्थांनी विचारले, "आडनाव काय तुमचं? गाव कोणतं?" गाव ऐकताच त्यांनी बाकावर सरकून जागा दिली. आम्ही परदेशी आहोत, हे त्या घटकेपुरते विसरलो.

आमची तक्रार आहे ती येथेच. एके काळी बगदादी मंडळी आपल्या लोकांना मिन्यानमध्ये धरायला कचरत असत, हे आपल्या वडीलधाऱ्यांनी सोसले आहे. पुढे बगदादी कुटुंबे देश सोडून गेली आणि त्यांच्या या मंदिरात तेबापाशी उभे राहायला आपलीच माणसे उरली. जीर्णोद्धाराची गोष्ट सांगताना ससूनांचे, दात्यांचे, वास्तुतज्ज्ञांचे नाव येते आणि ते यावेच. पण ज्यांनी पडक्या दिवसांत शब्बाथचे दिवे लावले, दहावा माणूस शोधून आणला, त्यांचे नाव कोण घेणार? भिंत राखली रंगाऱ्याने, पण मशीद राखली त्या नऊ जणांनी.

या खेपेस तेथे भेटलेल्या पर्यटकांना आम्ही विचारले, जुनी मशीद पाहिलीत का? एकालाही ती ठाऊक नव्हती. बोरीबंदरहून मशीद बंदर एकच स्टेशन! त्या स्टेशनाला नाव आपल्याच मशिदीवरून पडले, असे आपण लहानपणापासून ऐकत आलो. सॅम्युएल स्ट्रीटवरची शाअर हारहमीम ही मुंबईतली पहिली मशीद. टिपूच्या कैदेतून सुटल्यावर समाजी हसाजी दिवेकर यांनी नवस फेडला, तो 1796 साली. म्हणजे निळ्या मशिदीआधी अठ्ठ्याऐंशी वर्षे.

आम्ही तेथेही गेलो. हातगाड्या आणि हमाल यांच्यातून वाट काढत, पत्ता विचारीत. सॅम्युएल कोण, हे त्या रस्त्यावर कोणाला सांगता येईना.

तेव्हा वाचकहो, नातवंडांना मुंबई दाखवायला नेलेत तर निळी मशीद जरूर दाखवा, ती सुंदर आहे. पण तेथून परस्पर विमानतळ गाठू नका. एक स्टेशन पुढे जा. आणि तुमच्या वडिलांची केतुबा त्या मशिदीत लिहिली गेली असेल, तर ती कपाटातून काढून मुलांना वाचून दाखवा. तो मजकूर कोणत्याही पाटीवर मिळणार नाही.