निकालानंतरचं शहाणपण आणि संशोधनाचा आराखडा

प्रवेश परीक्षा पास झालात, आता विषय शोधताय. आणि तुमच्यापैकी बऱ्याच जणांना विषय सापडतोय तो रोजच्या बातम्यांवर चाललेल्या गप्पांमध्ये. सकाळी मॅच, दुपारी आमदार, रात्री दोन्ही. मी पण तेच केलं होतं. निवडणुकीवरचा माझा पहिला आराखडा गाईडनी वाचला आणि एवढंच विचारलं, "हे तुम्ही निकालाच्या आदल्या दिवशी लिहिलं असतंत का?" मी गप्प बसलो. सहा महिने गेले त्या आराखड्यात. तुमचे जाऊ नयेत म्हणून आज या गप्पांकडेच जरा टीकाकाराच्या नजरेने बघू.

आधी क्रिकेट घ्या. १९ नोव्हेंबर २०२३, अहमदाबाद. सलग दहा सामने जिंकून आलेला भारत वर्ल्डकप फायनलमध्ये २४० वर ऑल आऊट झाला. ऑस्ट्रेलियाने सहा गडी आणि सात षटकं राखून सामना जिंकला, ट्रॅव्हिस हेडने १३७ केल्या. दुसऱ्या दिवशीची चर्चा आठवा: रोहित ३१ चेंडूंत ४७ वर असताना कशाला मारायला गेला, मोठ्या सामन्यात आपली मुलं दडपण घेतात, वगैरे. मग २९ जून २०२४, बार्बाडोस. टी-ट्वेंटीची फायनल. दक्षिण आफ्रिकेला ३० चेंडूंत ३० हव्या होत्या, सहा गडी हातात होते, आणि भारत ७ धावांनी जिंकला. कर्णधार तोच रोहित, प्रशिक्षक तेच द्रविड. आता चर्चा काय? रोहितच्या बिनधास्त खेळाने संघ बदलला, मुलं दडपणाखाली शांत राहिली.

प्रकार वेगळा होता, मान्य. पण बघा, हरल्यावर जे कारण होतं तेच जिंकल्यावरही कारण झालं. जे स्पष्टीकरण दोन्ही निकालांना चालतं, ते एकाही निकालाबद्दल काही सांगत नाही. आपल्या भाषेत, ती परिकल्पना खोटी ठरूच शकत नाही. सूर्यकुमारने सीमारेषेवर घेतलेला मिलरचा झेल सुटला असता तर त्याच लोकांनी दडपणावरच लिहिलं असतं.

आता राजकारण. जून २०२४ च्या लोकसभा निकालात महाराष्ट्रातल्या ४८ जागांपैकी महाविकास आघाडीला ३० आणि महायुतीला १७ मिळाल्या. सगळीकडे एकच सूर होता: पक्ष फोडलेले लोकांना आवडले नाहीत. साडेपाच महिन्यांनी विधानसभेचा निकाल आला. २८८ पैकी महायुती २३० च्या घरात, आघाडी पन्नासच्या आसपास. सूर बदलला: लाडकी बहीण.

इथे थांबा. शिवसेना फुटली जून २०२२ मध्ये, राष्ट्रवादी जुलै २०२३ मध्ये. म्हणजे दोन्ही निवडणुकांच्या वेळी फूट झालेलीच होती. जो घटक दोन्ही वेळी तसाच आहे, तो एकटा बदलाचं कारण होऊ शकत नाही. राग मधल्या काळात ओसरला असं म्हणायचं असेल तर म्हणा, पण मग राग कसा मोजला ते दाखवा.

लाडकी बहीण योजना मात्र खरोखर मधल्या काळात आली, महिना १५०० रुपये. म्हणून हे कारण जास्त ताकदीचं वाटतं. तरी एक प्रश्न उरतो. आंध्रात जगन मोहन रेड्डींच्या सरकारने पाच वर्षं महिलांच्या खात्यात थेट पैसे टाकले, आणि २०२४ मध्ये त्यांचा पक्ष १५१ वरून ११ जागांवर आला. म्हणजे योजनेचा परिणाम झालाच नाही असं नाही. पण "पैसे दिले, मतं मिळाली" एवढं वाक्य पुरत नाही. कधी दिले, कोणाला दिले, समोर कोण होतं, हे आलं की संशोधन सुरू होतं.

आणखी एक गोम. लोकसभेला ३० विरुद्ध १७ असला तरी दोन्ही आघाड्यांच्या मतांच्या टक्केवारीतला फरक एका टक्क्याहूनही कमी होता. "महाराष्ट्राने नाकारलं" हे वाक्य जागांवरून केलेलं आहे, मतदारांवरून नाही. तुमचं विश्लेषणाचं एकक कोणतं, हे आरआरसीत हमखास विचारतात.

मग या गप्पा टाकाऊ का? अजिबात नाही. त्या दिवशी लोकांना काय वाटलं, कोणते शब्द वापरले, राग कोणावर काढला, याची इतकी ताजी नोंद दुसरीकडे मिळत नाही. निकालानंतर आठवून दिलेल्या मुलाखतीत ती धार राहत नाही. लोकांच्या समजुतीवर काम करणार असाल तर हा उत्तम प्राथमिक स्रोत आहे. पण त्या वाचून "लोकांनी असं का केलं" याचं उत्तर काढू नका. "लोक काय बोलत होते" याचं काढा. माझी चूक इथेच झाली होती.

या आठवड्याचा गृहपाठ सोपा आहे. येणारी कोणतीही मॅच किंवा निवडणूक घ्या. निकालाआधी तुमचं कारण एका ओळीत वहीत लिहा. खाली लिहा, काय झालं तर मी चुकलो असं मानेन. तारीख टाका. दुसरी ओळ लिहिताच येत नसेल तर विषय अजून तयार नाही, आराखडा लिहायला बसू नका. लिहिता आली तर ती वही घेऊनच गाईडकडे जा.